तिसऱ्या गेटापलीकडचे परसू

बेळगावास पाऊस एकदा लागला की तो आठ-आठ दिवस उघडीप देत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरील ह्या पठारावर, सह्याद्री ओलांडून आलेले ढग असे ठाण मांडून बसतात की जुलै महिन्यात ऊन पडले तर ती गल्लीत एकमेकांस सांगावयाची बातमी होते. तांबडी माती, चिऱ्यांची कुंपणे, मंगळुरी कौलांवर चढलेले शेवाळ, वाळत घातलेल्या कपड्यांचा दमट वास, हे ह्या शहराचे पावसाळी रूप होय. 2014 सालापासून सरकारदरबारी त्याचे नाव बेळगावी असे झाले. जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. वेळूंची बेटे आज शहरात शोधूनच काढावी लागतील. बुरुडांनी विणलेली सुपे, रोवळ्या आणि डालगी मात्र अद्यापि विकत मिळतात, आणि अशा एका डालग्यामुळेच आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

डालगे म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या आमच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. कोंबडी आणि तिची पिले रात्री झाकून ठेवण्यासाठी बांबूच्या पट्ट्यांचे जे मोठे, विरळ विणीचे टोपले पालथे घालतात, ते डालगे. वर एखादा दगड ठेवला की काम झाले. खेड्यात हे घरोघर असे. शहरात ते आम्हांस दिसले टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडील एका घराच्या मागच्या दारी.

टिळकवाडीत पत्ता सांगावयाचा तो गेटांवरून: पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले ते ह्याच भागात, आणि त्या वेळी खणलेली काँग्रेस विहीर आजही तेथे आहे. ह्या वस्तीतील जुनी घरे एका घाटणीची आहेत. पुढे चार पायऱ्या आणि व्हरांडा. मागे विहीर, एखाद-दुसरा नारळ, पेरू, कढीलिंब, धुणे धुवावयाचा दगड आणि उरलेल्या जागेत केळी-अळू. हे मागचे परसू म्हणजे त्या घराचा अर्धा संसार होता. आता एकेक परसू नाहीसे होऊ लागले आहे. कोठे त्यावर फरशी घालून मोटार उभी केली आहे, कोठे घरच पाडून चार मजली इमारत उठविली आहे. ज्यांची परसे शिल्लक आहेत त्यांच्याकडे आठवड्यास एक तरी दलाल फेरी मारून जातो.

आम्ही म्हणतो त्या घरीही तो येत असे. घरधनी उद्यमबागेतील एका ओतशाळेत कामास, त्यांच्या पत्नी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवितात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. 2022 साली वडील वारल्यावर त्यांनी आपल्या आईस खानापूर तालुक्यातील गावाहून शहरात आणले. गावी भात, चार म्हशी, परड्यात कोंबड्या, असा साठ वर्षांचा व्याप ज्या बाईने सांभाळला, तिला शहरातील स्वयंपाकघरात भाजी निवडण्यापलीकडे काम उरले नाही. आजीबाई तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हत. त्या फक्त गप्प झाल्या. जेवण कमी झाले, दुपारभर खाटेवर पडून राहू लागल्या. डॉक्टरांस त्यांच्या प्रकृतीत औषध द्यावे असे काही आढळले नाही. माणसाच्या हातचे काम काढून घेतले म्हणजे आपण त्याला विश्रांती दिली असे आपणांस वाटते. घेणाऱ्यास ते तसे वाटतेच असे नाही.

कोंबड्यांची कल्पना सूनबाईंची. 2023 च्या जून महिन्यात आजीबाईंच्या भाच्याने गावाहून दहा गावठी पिले आणून दिली, आणि त्यांबरोबर बुरुडाकडून घेतलेले एक नवे डालगेही आले. घरातील सर्वांनी त्या दिवसापासून आजींचे ऐकावयाचे, असे ठरले. पिलांना तांदळाची कणी घाला, दिवसा मोकळी सोडा, रात्री झाका. कोंबडी आपले पोट आपण भरते, तिला काय लागते, असा आजीबाईंचा साधा हिशोब होता, आणि गावी तो बरोबरही होता. तेथे उकिरडा होता, गोठा होता, शेणातील किडे आणि मळणीनंतर सांडलेले दाणे होते. टिळकवाडीच्या परसात ह्यांतील काहीच नव्हते. दोन महिन्यांची पिले हडकुळीच राहिली. त्यातच ऑगस्टच्या झडीत रोग आला. पिले गळाठून एका कोपऱ्यात बसू लागली, विष्ठा हिरवट झाली, दोघांतिघांच्या माना वाकड्या झाल्या. आजीबाईंनी पाहताच नाव सांगितले, "मानमोडी." आठवड्यात आठ पिले गेली. आजींनी ती स्वतःच्या हाताने पेरूच्या झाडाखाली खोल पुरली आणि पुन्हा कोंबडीचे नाव काढावयाचे नाही असे सांगून त्या आपल्या खाटेवर जाऊन पडल्या.

ह्या मानमोडीस पशुवैद्यकात रानीखेत रोग म्हणतात. 1920 च्या दशकात कुमाऊँच्या डोंगरांतील रानीखेत येथे तो आपल्या देशात प्रथम नोंदला गेला, म्हणून त्यास त्या सुंदर गावाचे नाव चिकटले. तो विषाणूपासून होतो. एकदा जडल्यावर त्यावर औषध नाही. परंतु लस आहे, आणि ती जुनी व स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, आणि पुढे दोन-अडीच महिन्यांचे झाल्यावर एक टोचणी. मोठ्या कुक्कुटशाळांतून हे नियमाने होते. घरगुती आठ-दहा कोंबड्यांच्या बाबतीत होत नाही, आणि त्याचे कारण अज्ञान एवढेच नाही. लशीची कुपी लहानात लहान घेतली तरी शंभर-एक पिलांस पुरेल एवढी असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा द्रावण केले की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी ती कोण आणील?

घरधनी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ही सर्व माहिती घेऊन आले, आणि ह्या गृहस्थांचे आम्हांस कौतुक वाटते ते येथे. त्यांनी अनगोळ, वडगाव, शहापूर ह्या भागांत ज्यांच्या घरी चार-दोन कोंबड्या आहेत अशी माणसे हुडकली. कोणी विणकर, कोणी रिक्षावाला, एक निवृत्त सैनिक. ह्या पाच घरांनी असे ठरविले की पिले एकाच आठवड्यात आणावयाची आणि एका रविवारी, एका परसात, एकाच कुपीतून सर्वांची लस उरकावयाची. लशीच्या त्या रविवारी आम्ही मुद्दाम गेलो होतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पन्नासाच्या वर पिले आली होती. थेंब घालण्याचे काम विज्ञानाच्या बाईंकडे. पिलू चिमटीत कसे धरावे म्हणजे ते धडपडत नाही, हे मात्र कोणासच नीट साधेना. तेव्हा आजीबाई उठून आल्या. काही न बोलता त्यांनी पिलू तळहातावर उताणे घेतले, दोन बोटांत मान धरली, आणि सूनबाईंपुढे केले. मग शेवटच्या पिलापर्यंत त्या तेथून हलल्या नाहीत.

ही दुसरी पिले, 2023 च्या ऑक्टोबरातील, गिरिराज जातीची होती. बेंगळूरच्या कृषि विद्यापीठात ही जात मुद्दाम परसातील संगोपनासाठी तयार केली गेली. अंगाने भरदार, रंगीबेरंगी, आणि गावठी कोंबडीहून अंडी पुष्कळ अधिक. गावठी कोंबडी वर्षास साठ-सत्तर अंड्यांवर सहसा जात नाही. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया ह्या जाती ह्याच हेतूने काढल्या आहेत. परंतु प्रत्येक गुणास काही किंमत असते: ह्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसत नाहीत. मातृत्वाचा वसा त्यांच्या अंगातून जवळजवळ गेलेलाच आहे. मानमोडीतून वाचलेल्या दोन गावठी तलंगा आजींनी ह्यासाठीच राखल्या, असे त्या आता म्हणतात.

खुराडे ह्या वेळी विचाराने झाले. मधले दोन महिने परसू रिकामे ठेवून जमिनीवर चुना टाकला होता. जुने डालगे जाळले होते. घरधन्यांनी ओतशाळेतील एका सोबत्याच्या मदतीने लोखंडी चौकट जोडली, तिला भक्कम जाळी लावली आणि ती जाळी हातभर जमिनीत गाडली; कारण परसाच्या मागील नाल्यात मुंगसे आहेत, आणि मुंगूस वरून येत नाही, खालून उकरून येते. छपराची वळचण लांब काढली, जमीन वीतभर उचलून घेतली आणि वर भाताचे तूस पसरले. बेळगावच्या आसपास भातगिरण्या आहेत, तेव्हा तुसास तोटा नाही. पावसाळ्यात हे तूस ओले राहिले की त्यातून डोळे झोंबणारा वायू सुटतो. तोच कोंबड्यांचा शत्रू आणि शेजाऱ्यांच्या रागाचे मूळ. रोज खाली-वर करावे, ओले ते काढावे, मूठभर चुना मिसळावा, म्हणजे वास येत नाही. हे काम मुलीकडे आहे. खुराड्याच्या एका कोपऱ्यात चुलीची राख ठेवलेली असते. कोंबड्या तीत लोळून अंगावरील उवा घालवितात. खाद्यात कणी, मका, भाजीचे देठ, थोडी पेंड, आणि शिंपल्यांचा चुरा. ह्या चुऱ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अंडे कोंबडीच्या पोटात तयार होण्यास साधारण एक दिवस लागतो, आणि त्यातील वीसेक तास नुसते कवच चढण्यात जातात. त्या कवचाचा चुना बाहेरून मिळाला नाही तर ती बिचारी तो आपल्या हाडांतून काढून देते.

आणि हात धुणे. खुराड्यातून बाहेर आलेल्या प्रत्येकाने साबणाने हात धुतल्यावाचून घरात पाऊल टाकावयाचे नाही, असा सूनबाईंचा कडक नियम आहे. तो आम्हांसही लागू झाला. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्ष्यांच्या फ्लूची साथ देशात प्रथम उघडकीस आली, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि किती तरी घरे बसली. तेव्हापासून हा धंदा जाणणारे लोक रानपक्षी आणि कोंबड्या एका भांड्यात पाणी पिणार नाहीत ह्याची काळजी घेतात.

इतके सर्व जमले, आणि मग कोंबडा आरवला.

बारा पिलांत पाच नर निघाले. लहानपणी ते ओळखू येत नाहीत. तुरा लाल होऊ लागल्यावर कळते. 2024 च्या मार्च महिन्यात त्यांतील थोरल्याने पहाटे साडेतीन वाजता पहिली बांग दिली, आणि चार दिवसांत पाचही जण त्याच्यामागून ओरडू लागले. पलीकडच्या घरात एक वृद्ध जैन गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. त्यांच्या पत्नी दीर्घ आजाराने अंथरुणास खिळलेल्या, आणि रात्रभर तळमळून त्यांचा डोळा लागावयाचा तो नेमका पहाटेस. अण्णा भांडावयास आले नाहीत. एका संध्याकाळी ते व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले, पाणी घेतले, आणि म्हणाले, "आम्ही तुमच्या घरात काय शिजतं ते कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण तेवढी हिची झोप आम्हाला परत द्या."

ह्यावर रागावता येत नाही. घरधन्यांनी कोंबडे गोणपाटाने झाकून पाहिले, अंधारात ठेवून पाहिले. उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. जपानातील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले आहे की कोंबडा उजेड पाहून आरवत नाही. त्याच्या शरीरात एक घड्याळ असते, आणि सतत अंधुक प्रकाशात ठेवला तरी तो आपल्या वेळेस आरवतो. पुढे त्यांस असेही आढळले की कळपातील वरच्या मानाचा कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे क्रमाने. टिळकवाडीत हा मानक्रम तंतोतंत पाळला जात होता.

तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "आई, कोंबडे काढूया. अंड्यांना कोंबडा लागत नाही."

आजीबाईंनी आयुष्यात असे विधान ऐकले नव्हते. "कोंबड्याविना अंडं? उद्या म्हणशील पावसाविना भात." परंतु गोष्ट खरी आहे, आणि ती ठाऊक नसलेले सुशिक्षितही आम्हांस पुष्कळ भेटले आहेत. कोंबडी नरावाचून अंडी घालते. त्यांतून पिलू मात्र होत नाही. बाजारात जी अंडी येतात ती जवळजवळ सर्व अशीच असतात.

कोंबडे काढावयाचे म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न त्याहून अवघड होता. सात वर्षांच्या मुलाने पाचांचीही नावे ठेवली होती. आजीबाईंच्या मनात संदेह नव्हता: नर वाढवावयाचा तो खाण्यासाठी. "पोसलं ते खायचं नाही म्हटलं असतं तर आमच्या घरात सणाला उपासच पडला असता की, फादर," असे त्या आम्हांस म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात क्रौर्य नव्हते. त्या पिढीने जनावर प्रेमाने पोसले आणि गरजेने मारले, आणि दोन्ही गोष्टी त्या एकाच हाताने करीत. ह्यात काही खोटे आहे असे आम्हांस वाटत नाही. खोटे असलेच तर ते दुकानातील थैलीत बांधलेले मांस डोळे मिटून आणण्यात अधिक आहे. पण मुलाचे रडणेही खोटे नव्हते. शेवटी ईस्टरच्या दिवशी एकच कोंबडा शिजला. मुलाने त्या दिवशी वरणभात खाल्ला. त्याला कोणी आग्रह केला नाही, कोणी थट्टा केली नाही, आणि आजींनी आपल्या ताटातील पापड उचलून त्याच्या ताटात घातला.

उरलेले चौघे गावी जावयाचे ठरले, आणि एप्रिलात त्यांच्या पाठवणीस आम्हीही गाडीत बसलो. शहर मागे टाकून जांबोटीच्या वाटेस लागले की हवा बदलते. शेतांच्या जागी झाडी येते, रस्ता वळणे घेऊ लागतो. हीच वाट पुढे कणकुंबीवरून, जेथे मलप्रभा उगम पावते, चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. दक्षिणेस भीमगडचे अभयारण्य. आजीबाईंचे गाव ह्या रानाच्या कडेस आहे. तेथे सायंकाळी परड्यात डालगे उचलून कोंबडे मोकळे केले, तोच वरच्या झाडीतून एक तुटक, खरखरीत हाक आली. आमच्या कोंबड्यांनी माना ताठ केल्या. "रानकोंबडा," आजी म्हणाल्या.

हा आमच्या सह्याद्रीतील राखी रानकोंबडा. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तो नव्हे. तो मान तांबड्या रानकोंबड्याचा. परंतु 2008 साली स्वीडनमधील संशोधकांनी असे सिद्ध केले की जगातील असंख्य पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग ह्या राखी रानकोंबड्याच्या वंशातून आला आहे. हा पक्षी तर केवळ आपल्या द्वीपकल्पाचा रहिवासी. म्हणजे परदेशी वाणाच्या ज्या कोंबड्या आपण सुधारित म्हणून मागवितो, त्यांतील कित्येकींच्या पायांवर ह्याच रानाची खूण असते. हे आम्ही आजीबाईंस सांगितले. त्या म्हणाल्या, "रानातला कोंबडा परड्यात उतरतो, हे आमच्या सासूबाईसुद्धा सांगायच्या."

आता हिशोबाचे. घरधन्यांजवळ वही आहे. जाळी, लोखंड, खाद्य, सारे धरले तर घरचे अंडे दुकानातील अंड्याहून महागच पडते. नामक्कलसारख्या ठिकाणी लाखो कोंबड्यांची अंडी निघतात. त्यांच्याशी टिळकवाडीच्या नऊ कोंबड्यांनी बरोबरी करावी हे शक्य नाही. पैसे वाचविण्यासाठी कोणी हा उद्योग करू पाहील तर त्याने करू नये, असेच आम्ही सांगू. अंडी घरापुरती होतात, चार-दोन लशीच्या सोबत्यांकडे जातात. अण्णा अंडी घेत नाहीत हे उघडच आहे. पण जुने तूस कुजवून झालेले खत त्यांच्या गुलाबांस जाते, आणि त्यासाठी ते रिकामे पोते स्वतः कुंपणावर आणून ठेवतात. दलाल पूर्वीसारखाच येतो. एकदा तो आला तेव्हा आजीबाई खुराड्यात होत्या, आणि त्यांना हात धुऊन बाहेर येईपर्यंत इतका वेळ लागला की तो निघून गेला.

गेल्या पंधरवड्यात तेथे गेलो तेव्हा दोन गावठी कोंबड्यांपैकी एक खुडूक बसली होती. परसात कोंबडा नाही, म्हणून भाच्याने गावाहून अकरा अंडी कोंड्यात घालून आणली होती, आणि आजींनी ती स्वयंपाकघरामागील अंधाऱ्या खोलीत, त्या जुन्याच्या जागी आणलेल्या डालग्याखाली, रवणीस लावली होती. पिले निघावयास एकवीस दिवस लागतात. मुलाने दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारण्याचा क्रम ठेवला होता; आम्ही गेलो त्या दिवशी ती चौदावी होती. सातव्या दिवशी अंडी बॅटरीच्या उजेडात धरून पाहिली, तेव्हा नवांत रक्ताच्या रेषा दिसल्या, दोन रिकामी निघाली, हे त्याने आम्हांस पुनःपुन्हा सांगितले.

कुंपणापलीकडून अण्णांनी विचारले, "आजी, ह्यांत कोंबडे किती निघतील?"

"ते आता मी कसं सांगू, अण्णा," आजीबाई म्हणाल्या, "पण निघाले तर तुरा लाल व्हायच्या आधी गावाला जातील. गाडी सांगून ठेवलीय."